कलर्ड समाज, दक्षिण आफ्रिकेतील

दक्षिण आफ्रिकेतील मिश्रवंशीय लोकांसाठी वसाहतकाळात रूढ झालेली व १९५० मध्ये कायद्याने पक्की केलेली संज्ञा. २०२२ च्या जनगणनेनुसार या समाजाची संख्या सु. ५० लक्ष असून ती देशाच्या लोकसंख्येच्या सु. ८ टक्के भरते. त्यांची मुख्य वस्ती पश्चिम व उत्तर केप प्रांतांत असून बहुतेकांची मातृभाषा आफ्रिकान्स आहे. खोइखोइ व सान हे मूळ रहिवासी, यूरोपीय वसाहतकार आणि १६५२ नंतर डच ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत केपमध्ये आणलेले गुलाम यांच्या मिश्रणातून हा समाज घडला. या गुलामांत मादागास्कर, मोझँबीक व इंडोनेशिया येथील लोकांप्रमाणेच बंगाल, मलबार व कोरोमंडल किनाऱ्यावरून नेलेले भारतीयही होते. अनेक पिढ्या आपापसांत विवाह करून स्वतःच्या चालीरीती जोपासलेला हा समाज होय. ज्याचे मातापिता भिन्न वंशांचे आहेत, अशा मुलाची स्थिती त्याहून वेगळी असते. कायद्याने मात्र दोघांना एकाच खात्यात टाकले.

नॅशनल पक्ष १९४८ मध्ये सत्तेवर आला व त्याने वंशविच्छेदाचे धोरण अंगीकारले. १९४९ मध्ये गोऱ्यांचे इतरांशी विवाह निषिद्ध ठरले, तर १९५० मध्ये गोरे व इतर सर्व यांच्यातील विवाहबाह्य शरीरसंबंधही गुन्हा ठरला. त्याच वर्षीच्या लोकसंख्या नोंदणी अधिनियमाने प्रत्येक नागरिकाचा वंश सरकारी दप्तरात नोंदविला जाऊ लागला. उघडपणे गोरी दिसणारी किंवा सर्वसाधारणपणे गोरी मानली जाणारी व्यक्ती ती ‘गोरी’. आफ्रिकेच्या मूळ वंशांपैकी असलेली वा मानली जाणारी ती ‘नेटिव्ह’. आणि या दोहोंत न बसणारी ती ‘कलर्ड’. अर्थात कलर्ड म्हणजे काय हे सांगण्याऐवजी ते काय नाहीत एवढेच कायद्याने सांगितले. १९५९ च्या घोषणेने या वर्गाचे सात पोटभेद पाडले, त्यांत भारतीय व चिनीही होते.

दिसणे आणि लोकमान्यता ही मोजमापे असल्यामुळे निर्णय अधिकाऱ्यांच्या व अपील मंडळांच्या नजरेवर अवलंबून राहिला. केसांत पेन्सिल खोचून ती खाली पडते की अडकून राहते, हे पाहण्याची पद्धत कुप्रसिद्ध आहे. कायद्यात तिचा कोठेही उल्लेख नव्हता. सख्ख्या भावंडांची नोंद वेगवेगळ्या वंशांत झाल्याची उदाहरणे घडली. घर कोठे घ्यायचे, शाळा कोणती, काम कोणते, विवाह कोणाशी, हे सारे त्या नोंदीवर ठरत असल्याने मुले लहानपणापासूनच आपल्याच माणसांकडे सरकारी डोळ्यांनी पाहू लागत. उजळ वर्णाचे काही जण गोरे म्हणून वावरू लागत. मग रस्त्यात भेटलेल्या सावळ्या आप्तांना ओळख न दाखविण्याखेरीज त्यांना गत्यंतर नसे.

सँड्रा लेंग हिचे उदाहरण याबाबतीत बोलके आहे. पीट रीटीफ येथे १९५५ मध्ये जन्मलेल्या सँड्राचे मातापिता गोरे म्हणून नोंदलेले होते. पण तिची त्वचा सावळी व केस कुरळे होते. १९६६ मध्ये, दहा वर्षांची असताना, तिला गोऱ्यांच्या शाळेतून काढून पोलिसांकरवी घरी पोचविण्यात आले व तिची नोंद कलर्ड अशी करण्यात आली. पित्याने न्यायालयात दाद मागितली. १९६७ च्या दुरुस्तीने गोऱ्या मातापित्यांचे अपत्य गोरेच मानावे असे ठरले, आणि सँड्रा कागदोपत्री पुन्हा गोरी झाली. शेजाऱ्यांच्या लेखी मात्र काहीच बदलले नाही. पुढे ती एका कृष्णवर्णी पुरुषाबरोबर राहू लागली, तेव्हा पित्याने तिच्याशी संबंध तोडले. स्वतःची मुले आपल्याजवळ राहावीत म्हणून तिला कलर्ड अशी नोंद करून घेण्यासाठी अर्ज करावा लागला. ज्या दाखल्यासाठी पिता झगडला, त्याच्याच विरुद्ध मुलीला झगडावे लागले.

कादंबरीकार बेसी हेड (६ जुलै १९३७–१७ एप्रिल १९८६) हिचा जन्म पीटरमॅरित्सबर्ग येथील मनोरुग्णालयात झाला. तिची आई गोरी होती, पिता कृष्णवर्णी होता. संगोपनासाठी घेतलेल्या गोऱ्या कुटुंबाने ती गोरी दिसत नाही म्हणून तिला परत केले. नंतर एका कलर्ड कुटुंबाने वाढविले. ती आपली जन्मदात्री नव्हे, हे तिला मिशनच्या वसतिगृहात गेल्यावर कळले. १९६४ मध्ये ती बोट्स्वानात गेली व तेथेच राहिली. विनोदी कलावंत ट्रेव्हर नोआ याचा जन्म १९८४ मध्ये जोहॅनिसबर्गला झोसा माता व स्विस पिता यांच्या पोटी झाला, तेव्हा असा संबंध गुन्हाच होता. तो कायदा १९८५ मध्ये रद्द झाला. पित्याला रस्त्याने उघडपणे मुलाबरोबर चालता येत नसे आणि सोवेटोतील आजी नातवाला घराबाहेर सोडत नसे, असे त्याने आत्मकथनात (२०१६) नमूद केले आहे.

समूह क्षेत्र अधिनियमाखाली (१९५०) केपटाउनमधील डिस्ट्रिक्ट सिक्स हा मिश्र वस्तीचा भाग ११ फेब्रुवारी १९६६ रोजी गोऱ्यांसाठी राखीव जाहीर झाला. सु. ६०,००० लोकांना केप फ्लॅट्स या वालुकामय सपाटीवर हलविण्यात आले. घरे पाडली गेली, प्रार्थनास्थळे तेवढी राखली. शेजार, नातलग व शाळा एकदमच तुटल्या. तेथील गुंडांच्या टोळ्यांचे मूळ पुष्कळ अभ्यासक या विस्थापनात शोधतात. कलर्ड पुरुषांना केप प्रांतात असलेला सामाईक मतदारयादीतील हक्क तत्पूर्वीच, १९५६ मध्ये, काढून घेतला होता.

नोंदणी व समूह क्षेत्र हे दोन्ही अधिनियम १९९१ मध्ये रद्द झाले. जनगणनेत आता व्यक्तीने स्वतः सांगितलेला गट नोंदविला जातो. काही जण ‘कलर्ड’ हे नाव नाकारून खोइखोइ वारसा सांगतात, काही स्वतःला कृष्णवर्णीच म्हणवितात, तर अनेकांना तेच नाव आपले वाटते. डिस्ट्रिक्ट सिक्सचे पहिले रहिवासी २००४ मध्ये परतले. तेथील बरीचशी जमीन त्यानंतरही दीर्घकाळ मोकळीच पडून होती.