दारावर आपल्या नावाची पाटी

आधी दारू सोड, काम टिकव, मग घराचं बघू... बेघर माणसाला जगभर हेच ऐकवलं जातं. फिनलंडने हा क्रमच उलटा केला. आधी किल्ली, बाकी सगळं नंतर!

नव्या शहरात नोकरी लागली की पहिले पंधरा दिवस कंपनी गेस्ट हाऊस देते. आठवतंय? त्या पंधरा दिवसांत आपण ब्रोकर गाठतो, डिपॉझिटची जुळवाजुळव करतो, ‘बॅचलर्सना देत नाही’ हे चार-पाच सोसायट्यांत ऐकून घेतो आणि शेवटी अकरा महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटवर सही ठोकतो. पण या सगळ्यात एचआर आपल्याला असं कधी म्हणत नाही की, ‘आधी सहा महिने स्टेशनवर झोपून नीट काम करून दाखवा, मग राहायचं बघू!’ म्हटलं तर आपण त्याला वेड्यातच काढू.

बेघर माणसाला मात्र जवळजवळ सगळं जग हेच म्हणत आलंय. त्याच्यासाठी एक जिना बांधलेला असतो. पहिली पायरी रात्रनिवाऱ्याची. व्यसन सोडलंस तर दुसरी, उपचार घेतलेस तर तिसरी, काम टिकवलंस तर चौथी, आणि अगदी वर स्वत:चं घर. ऐकायला एकदम फेअर! पण एक पाय घसरला की माणूस थेट फुटपाथवर. शिवाय सकाळी निवाऱ्यातून बाहेर पडल्यावर मोबाईल कुठे चार्ज करायचा, इंटरव्ह्यूचा इस्त्रीचा शर्ट कुठे टांगायचा, अर्जावर पत्ता कोणता लिहायचा? रात्री पिशवी चोरीला जाईल म्हणून जो जागा राहतो, तो सकाळी नऊला कामावर कसा पोहोचणार, हे आपल्यापैकी कुणी विचारत नाही.

न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने हे विचारलं. १९९२ मध्ये त्याने ‘पाथवेज टू हाउसिंग’ ही संस्था काढली आणि मानसिक आजार असलेल्या, रस्त्यावर राहणाऱ्या लोकांना थेट फ्लॅटच द्यायला सुरुवात केली. ‘हाउसिंग फर्स्ट’ म्हणतात तो फंडा हाच. तो अख्ख्या देशाचं धोरण म्हणून राबवला फिनलंडने.

नाव दारावर

२००७ मध्ये फिनलंड सरकारने चार अनुभवी माणसांना एकत्र बसवलं, त्यांत एक बिशपही होते! त्यांनी जो अहवाल दिला, त्याचं नावच होतं ‘नाव दारावर’. आपल्याकडे नवं घर घेतल्यावर माणूस आधी पाटी कुठली करायची ते ठरवतो, पितळी की लाकडी. ही भावना त्या थंडगार देशातही तीच आहे तर! २००८ पासून सरकारी कार्यक्रम सुरू झाला आणि हेलसिंकीतले निवारे एकेक करून बंद व्हायला लागले. बंद म्हणजे कुलूप नव्हे. अल्पिकातू रस्त्यावरचं साल्वेशन आर्मीचं वसतिगृह घ्या. तिथे अडीचशेच्या आसपास खाटा होत्या. ते तोडून-जोडून ८१ छोटे फ्लॅट केले गेले. प्रत्येकाला स्वत:चं दार, स्वत:चं स्वयंपाकघर, स्वत:चं बाथरूम. शहरभरात २००८ मध्ये निवाऱ्यांच्या ५५८ खाटा होत्या, त्या २०१६ पर्यंत ५२ वर आल्या.

यात फुकट काही नाही बरं का. राहणाऱ्याच्या नावावर रीतसर भाडेकरार होतो. भाडं तो भरतो आणि कमाई कमी असेल तर इतर कुणाही नागरिकासारखा सरकारी घरभाडे भत्ता घेतो. मदतीला माणसं त्याच इमारतीत असतात. कर्जाचे हप्ते, डॉक्टरची अपॉइंटमेंट, बायकोशी तुटलेलं बोलणं, काहीही घेऊन जा. फक्त, दारू सोडणं ही घराची अट नाही.

‘म्हणजे? मी इथे वीस वर्षांचा ईएमआय भरतोय आणि त्याला दारू पिऊन फ्लॅट?’ मलाही पहिल्यांदा असंच वाटलं, खोटं कशाला बोलू! पण माणूस रस्त्यावर असतो तेव्हाही सरकारचा खर्च चालूच असतो. अ‍ॅम्ब्युलन्स, इमर्जन्सी वॉर्ड, पोलिस, कोठडी. तिथल्या हिशेबानुसार एका माणसाला घर दिल्यावर वर्षाला १५ हजार युरोंपर्यंत वाचतात. शेजाऱ्यांनी विरोध केला नाही असंही नाही, केला. मग नव्या भाडेकरूंनी आसपासचे रस्ते, बागा साफ करायला घेतल्या. लोक बोलायला लागले.

घरं आली कुठून? इथे मला फिनलंडचा हेवा वाटतो. ‘वाय फाउंडेशन’ ही संस्था १९८५ पासून साध्या सोसायट्यांमध्ये सुटे फ्लॅट विकत घेतेय, १८ हजारांच्या वर घरं तिच्याकडे जमली आहेत. १९८७ मध्ये देशात १८ हजारांवर बेघर होते, २०२३ मध्ये ३,४२९. आणि लक्षात घ्या, मित्राच्या सोफ्यावर तात्पुरता झोपणाराही तिथे बेघर मोजला जातो! २०२४ मध्ये मात्र आकडा ३,८०६ वर गेला, दशकभरानंतर पहिल्यांदाच वाढला. सरकारने घरभाडे भत्त्याला लावलेली कात्री हे त्याचं मोठं कारण सांगितलं जातं. घर एकदा दिलं की संपलं, असं नसतं.

आणि नोकरीचं काय?

कॅनडाने २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत दोन हजारांवर लोकांना घेऊन हाच प्रयोग केला. घरं टिकली, पण नोकऱ्या आपोआप लागल्या नाहीत. त्यासाठी वेगळी मदत लागते, आणि तिथेही क्रम उलटाच बरा पडतो. वर्षभर मेणबत्त्या-पिशव्यांच्या ट्रेनिंगमध्ये अडकवण्यापेक्षा त्याच्या आवडीची खरीखुरी, पगाराची नोकरी शोधायची आणि रुजू झाल्यावर पाठीशी उभं राहायचं. सुट्टी कशी मागायची, साहेबाशी वाजलं तर काय करायचं, इथपर्यंत.

आपल्याकडे गणित आणखी वेगळं आहे. २०११ च्या जनगणनेत मुंबईत ५७ हजारांच्या वर बेघर मोजले गेले, देशात १७ लाखांवर. त्यातले कितीतरी जण कामाला जातात! केटरिंगच्या पंगती वाढणारे, गजरे ओवणाऱ्या बायका, नाक्यावरचे मजूर. काम आहे, डिपॉझिट नाही. १ लाख लोकसंख्येमागे एक बारमाही, चोवीस तास चालणारा निवारा हवा, असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये बजावलं. निवारा हवाच, पण तो पुन्हा जिन्याची पहिली पायरीच झाला.

पुढचं दार उघडलं ते चेन्नईच्या ‘द बनयन’ने. मानसिक आजारामुळे रस्त्यावर आलेल्या आणि बरं होऊनही हॉस्पिटलातच अडकून पडलेल्या बायकांसाठी त्यांनी २०१५ मध्ये ‘होम अगेन’ सुरू केलं. साध्या वस्तीत साधं भाड्याचं घर, चार-पाच जणी एकत्र आणि मदतीला एक बाई. हा प्रयोग आपल्या रत्नागिरीपर्यंत आलाय. भाजी काय करायची ते त्याच ठरवतात, बाजारात त्याच जातात. कुणी बाहेर कामाला जाते, कुणी घरचंच बघते. आणि दुपारी झोपायचं असेल तर दार आतून लावून घेतात.