जुन्या मोटारहोममधील न्हाणीघर : फरशी उघडल्याशिवाय भाव सांगू नये

मोटारहोम हा शब्द आपल्याकडे नवा वाटतो, पण चाकावरचे घर ही वस्तू नवी नाही. जत्रा-उरुसांतून दुकान घेऊन फिरणारे व्यापारी, सर्कसवाले, टूरिंग टॉकीजवाले, कुटुंबकबिल्यासह लांबच्या जियारतीला निघणारे लोक, यांनी मॅटाडोर, टाटा ४०७ आणि जुन्या बसगाड्यांमध्ये खाटा, शेगडी आणि न्हाणी बसवून घेतल्या आहेत. २०२१ साली महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून पेंच-ताडोबाकडे अशा गाड्या नेण्याची हौसही वाढली आहे. नव्या गाडीचे काम मोठे कारखाने घेऊन जातात. आमच्या सुताराला, वेल्डरला आणि फायबरवाल्याला मिळते ते जुन्या गाडीचे काम, आणि त्यातही बहुतेक वेळा एकच मागणी असते : "हे बाथरूम काढून नवे बसवून द्या. किती घ्याल?"

आम्ही कापडाचे व्यापारी. बस-बॉडीच्या वर्कशॉपना पडदे आणि रेक्झिन देता देता हे काम बरीच वर्षे जवळून पाहत आलो आहोत. आमचे म्हणणे एवढेच की, "किती घ्याल?" या प्रश्नाला त्या जागी उभे राहून उत्तर देणारा कारागीर हमखास नुकसानीत जातो. कारण न्हाणीघराची खरी किंमत भांड्यात, नळात किंवा आरशात नसते. ती फरशीखाली असते आणि फरशी उचलल्याशिवाय दिसत नाही.

असे का होते ते समजून घेऊ. घरातले न्हाणीघर एका जागी उभे असते. गाडीतले न्हाणीघर रोज पिळले जाते. एक चाक खड्ड्यात गेले की चेसिस आमळते, तिच्याबरोबर सांगाडा आमळतो आणि प्रत्येक सांधा केसाएवढा उघडतो. त्यात आपला उन्हाळा. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. बंद गाडीच्या आत तर त्याहून जास्त. फायबर, लोखंड, ॲल्युमिनियम आणि लाकूड, प्रत्येक जिन्नस आपापल्या मानाने फुगतो आणि आकसतो. मधले सीलंट काही वर्षांत फाटते. मग थेंब थेंब पाणी ट्रेखाली उतरते. खालचे प्लायवूड ते पाणी गोधडीसारखे धरून ठेवते आणि त्याखालचे लोखंडी चॅनेल आतून सडत राहतात. वरून सगळे ठीक दिसते. ॲल्युमिनियमचा पत्रा जिथे लोखंडाला टेकतो तिथे ओल राहिली की तो पांढरी भुकटी होऊन झडू लागतो. दोन धातू आणि मध्ये पाणी, म्हणजे एक लहानशी बॅटरीच ती.

हा अनुभव फक्त लहान गाड्यांचा नाही. रेल्वेच्या जुन्या, निळ्या लोखंडी डब्यांनाही गंज आधी धरायचा तो संडासाखालच्या आणि दारापाशी असलेल्या फरशीला. मोठ्या दुरुस्तीला डबा वर्कशॉपमध्ये आला की तिथले लोखंड कापून नवे जोडावे लागे. पुढे स्टेनलेस स्टीलचे डबे आणण्यामागे जी कारणे होती, त्यांत गंज हे एक होते. नागपूरच्या माणसाला हे फार सांगायला नको. मोतीबागच्या वर्कशॉपमध्ये नॅरोगेजचे डबे दुरुस्त होत असत आणि हिंगण्याला एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. पत्रा, रिवेट आणि वेल्डिंग जाणणारे हात या शहरात शोधावे लागत नाहीत.

तरीही ठेक्याची रीत जुनीच चालते. काही वर्षांमागे एका वर्कशॉपमध्ये आमच्यासमोर एका सुताराने अशा कामाचा एकगठ्ठा भाव बोलून बयाणा घेतला. ट्रे उचलला तर खालच्या दोन चॅनेलमधून पेचकस आरपार जात होता आणि चाकावरचा पत्रा हाताने तुटत होता. वेल्डरचे काम सुताराच्या कामाहून मोठे निघाले. मालक म्हणाला, "जबान दिली होती ना?" मालकाचेही चूक म्हणता येत नाही, त्याने भाव विचारला होता आणि त्याला भाव मिळाला होता. सुताराने जबान पाळली. त्या महिन्यात त्याच्या मुलाच्या शाळेची फी उधारीवर भरली गेली.

म्हणून काम दोन तुकड्यांत बांधावे. पहिला तुकडा फक्त उघडण्याचा : सामान काढणे, टाकी रिकामी करणे, फरशी उचलणे, चॅनेल खरवडून पाहणे. याची मजुरी ठरलेली असावी आणि पुढचे काम मिळो न मिळो, ती मिळाली पाहिजे. मालकाला बोलावून उघडी फरशी दाखवावी, मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत आणि मगच दुसऱ्या तुकड्याचा भाव कागदावर लिहून द्यावा. डॉक्टर फोटो काढल्याशिवाय हाड जोडत नाही, मग आपणच का घाई करावी?

कागदाचा विषय निघालाच आहे, तर कायद्याचेही दोन शब्द. गिऱ्हाईक जुन्या गाडीला हौसेने 'व्हिंटेज' म्हणतो. पण २०२१ च्या केंद्रीय नियमांत या शब्दाला ठरावीक अर्थ आहे. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली, चेसिस, सांगाडा किंवा इंजिनात मोठा बदल न झालेली गाडीच त्यात बसते आणि ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. मोठी बस तर त्या वर्गात येतच नाही. मालकाला तशी नोंदणी खरोखर हवी असेल, तर कटर चालवण्याआधी विचारून घ्या. बाकी गाड्यांना मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम लागू आहे. नोंदणी-पुस्तकातील तपशील बदलेल असा फेरफार आरटीओच्या मंजुरीशिवाय करता येत नाही. जुन्या जागी नवे न्हाणीघर बसवणे वेगळे आणि आसने काढून, वजन वाढवून गाडीचा प्रकारच बदलणे वेगळे. शंका असेल तर मालकाने आधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारावे. हे काम त्याचे आहे, मिस्त्रीचे नाही, हेही कागदावर लिहावे.

आता काढण्याचा क्रम. आधी बॅटरीचे टोक सोडावे. मग मैल्याची टाकी रिकामी करावी. ती नाल्यात किंवा वर्कशॉपच्या मागच्या मोकळ्या जागेत सोडणे गैर आहे, आणि शागिर्द पोराला डबा देऊन उपसायला लावणे तर त्याहून गैर. हाताने मैला उपसून घेणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. सेप्टिक टँक उपसणारी पंपाची गाडी बोलवावी, तिचे भाडे अंदाजपत्रकात धरावे. टाकी दोन-तीनदा साध्या पाण्याने खळबळून घ्यावी. मगच भांडे, बेसिन, भिंतीचे पत्रे आणि शेवटी ट्रे, या क्रमाने सोडवावे. जुने स्क्रू फिरत नसतील तर ग्राइंडरने डोके उडवावे, पण त्या वेळी गॅसचा सिलिंडर गाडीबाहेर हवा आणि पाण्याची बादली शेजारी. फार जुन्या गाडीत इंजिन आणि सायलेन्सरकडच्या बाजूला राखाडी, तंतूंचा पुठ्ठा निघाला तर तो ॲस्बेस्टॉस असू शकतो. तो कोरडा फोडू नये, झाडू मारू नये. ओला करून, तोंडाला चांगला मास्क लावून, अखंड काढावा व पिशवीत बांधावा.

लोखंड उघडे पडले की सडलेला भाग चांगल्या धातूपर्यंत कापून काढावा. गंजावर पत्रा ठोकणे म्हणजे जखमेवर रंग लावणे. नवे चॅनेल वेल्ड करून प्राइमर आणि रंग द्यावा. जिथे ॲल्युमिनियम येणार तिथे मध्ये रबराची पट्टी ठेवावी. त्यावर प्लाय टाकायचेच असेल तर मरीन प्लाय, म्हणजे ७१० क्रमांकाच्या भारतीय मानकाचे. ३०३ क्रमांकाचे स्वस्त पडते, पण या जागेसाठी ते नव्हे. कापलेल्या कडाही राळेने बंद कराव्यात, कारण पाणी कडेनेच शिरते.

ट्रे दोन प्रकारे होतो. एक, ३०४ प्रतीच्या स्टेनलेस पत्र्याचा, कोपरे वेल्ड केलेला. बाजारात २०२ प्रतीचा पत्राही तसाच चकाकतो. घेताना बिलावर प्रत लिहून घ्यावी. दुसरा फायबरचा. कापडवाल्याला फायबरचे नवल वाटते, कारण ते शेवटी कापडच आहे. मॅट ३०० किंवा ४५० जीएसएमची विकत मिळते, आमच्या चादरीसारखीच ग्रॅमवर. तिचे थर पॉलिएस्टर राळेत भिजवून बसवायचे. राळेत आधी कोबाल्ट घालून पूर्ण ढवळावे, मगच हार्डनर घालावा. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही मिसळू नयेत, भडका उडतो. आमच्या उन्हाळ्यात राळ डब्यातच आवळते, म्हणून थोडी थोडी कालवावी आणि काम पहाटे उरकावे. ट्रे कोणताही असो, बसवण्याआधी भोक बंद करून काठोकाठ पाणी भरावे आणि एक रात्र तसाच ठेवावा. पातळी उतरली तर दोष जमिनीवरच सापडला, गाडीत नाही. भिंतीला टाइल लावण्याचा मालकाचा हट्ट असतो. मान्य करू नये : वजन वाढते आणि पहिल्याच खराब रस्त्यावर सांधे तडकतात.

आता पाण्याचा हिशेब, कारण इथे परदेशी नमुना आपल्या उपयोगी पडत नाही. युरोपच्या गाड्यांत काढता येणारी, साधारण वीस लिटरची मैल्याची पेटी असते. ती कागद वापरणाऱ्यांसाठी बेतलेली आहे. आपल्याकडे तहारत पाण्याने होते. पाच माणसांचे कुटुंब, माणशी दिवसातून पाच वेळा आणि दर वेळी फक्त दीड लिटर धरले, तरी साडेसदतीस लिटर झाले. म्हणजे दुपारच्या नमाजाआधीच पेटी भरली. म्हणून खाली बांधलेली ऐंशी-शंभर लिटरची टाकी बरी. वजूचे आणि अंघोळीचे पाणी तिच्यात सोडू नये. त्याची टाकी निराळी. वजूसाठी ट्रेच्या कडेला एक बुटका नळ आणि बसायला फळी दिली तर बेसिनसमोर पाय उचलण्याची कसरत वाचते, फरशीही कोरडी राहते. हे आम्ही एका गाडीत पाहिले आणि आम्हाला फार पसंत पडले.

पाण्याचे वजन विसरू नये. दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो, तीन माणसांइतके. टाकी दोन चाकांच्या मध्ये, खाली, चेसिसला पट्ट्यांनी आवळून बसवावी आणि आत आडवे पडदे हवेत, नाहीतर वळणावर पाणी गाडीला ढकलते. संडासाचा पाइप तीन इंची, उतार फुटाला पाव इंच, आणि टाकीतून छतापर्यंत हवेची नळी. ही नळी वाचवली की महिनाभरात दुर्गंधीची तक्रार येते. पाण्याचा नळ घरासारखा ताठ सीपीव्हीसीचा नको, हादऱ्याने सांधा सुटतो. लवचिक नळी आणि क्लिप वापरावी. मोठ्या बसची वीज २४ व्होल्टची असते आणि बाजारातला लहान पंप बहुधा १२ चा, तो थेट जोडला की जळतो. दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट ओढण्याची युक्ती काही जण करतात. त्याने बॅटऱ्या बिघडतात, मध्ये कन्व्हर्टर लावावा.

रेल्वेसारखे बायो-टॉयलेट बसवा, असेही हल्ली सांगितले जाते. डीआरडीओने रेल्वेसोबत ते विकसित केले आणि तिथे ते रोज वापरले जाते. वर्षातून चार वेळा निघणाऱ्या गाडीत त्यातले जिवाणू उपाशी राहतात आणि फिनाईल किंवा ॲसिडने धुतले की मरतात. आमच्या मते हौशी गाडीला साधी टाकीच योग्य.

पडदा सुती नको. सूत पाणी धरते, बुरशी येते आणि गाडीभर कुबट वास पसरतो. पॉलिएस्टरवर प्लॅस्टिकचा थर दिलेले कापड घ्यावे, खालच्या शिवणीत साखळी घालावी म्हणजे गाडी चालताना ते अंगाला चिकटत नाही.

पैशाचे तीन हप्ते करावेत : उघडताना एक, लोखंड आणि ट्रे पाहून दुसरा, आणि तिसरा चाचणीनंतर. चाचणी म्हणजे दोन्ही टाक्या साध्या पाण्याने भरून, मालकाला शेजारी बसवून, वाडीच्या पुढे खराब रस्त्यावर तीस-चाळीस किलोमीटर गाडी नेऊन आणणे. परत आल्यावर खाली पुठ्ठे पसरून गाडी रात्रभर त्यावर उभी करावी. सकाळी पुठ्ठे कोरडे निघाले की तिसरा हप्ता घ्यावा आणि चावी द्यावी.