असंतुष्टांचा कौल : फ्रान्स, २०१७

२३ एप्रिल २०१७ रोजी फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदानाची जी पहिली फेरी झाली, तीत अतिउजव्या मारीन ल पेन यांस २१.३ आणि कडव्या डाव्या झां-ल्यूक मेलांशाँ यांस १९.६ टक्के मते पडली. आणि यान आल्गां, दानिएल कोएन प्रभृती अर्थशास्त्रज्ञांनी मतदारांच्या पाहण्या तपासल्या, तेव्हा असे निष्पन्न झाले की, परस्परांस वैरी मानणारे हे दोन्ही लोकानुनयी गोट एका बाबतीत सगोत्र होते : दोहोंतील मतदार स्वतःच्या आयुष्याविषयी असंतुष्ट होते. मध्यममार्गी उमेदवार एमान्युएल मॅक्राँ यांचा मतदार बहुधा संतुष्ट.

तथापि असंतोष समान असता वाटा भिन्न का, हा प्रश्न अधिक मोलाचा. त्याचा उलगडा या विद्वानांनी परस्परविश्वासात शोधला : अपरिचित माणसावर भरवसा टाकू शकणारा असंतुष्ट मतदार संपत्तीच्या फेरवाटणीचा पुरस्कार करीत मेलांशाँकडे वळला, तर इतरांविषयी फारसा इतबारच नसलेला ल पेनकडे. (असंतोषाने मत घडते की मताने असंतोष, याचा निवाडा अशा पाहण्यांवरून होणे कठीणच.) ७ मे रोजी दुसऱ्या फेरीत मॅक्राँ ६६ टक्के मतांनी निवडून आले, मेलांशाँ यांनी मात्र आपल्या अनुयायांस मॅक्राँ यांस मत देण्याचे आवाहन केले नव्हते.