रिव्हर्सचा जादा दिवा : उजेड हवा, जाळ नको

शहर झोपेत असते तेव्हा त्याची भाजी वाटेवर असते. नारायणगाव, मंचर, सिन्नर, सातारा या भागांतून निघालेल्या पिकअप गाड्या मध्यरात्रीनंतर वाशीच्या घाऊक बाजारात किंवा पुण्याच्या मार्केट यार्डात पोहोचतात. तेथून पुढे माल लहान मंडयांकडे, हॉटेलांकडे आणि सोसायट्यांच्या दारात जातो. या साऱ्या प्रवासात गाडी सरळ जाते तेव्हा फारशी अडचण नसते. खरी कसोटी लागते ती गाळ्याला गाडी लावताना, म्हणजे मागे घेताना. हौद्यात क्रेट छपरापर्यंत रचलेले असतात, केबिनच्या मागच्या काचेतून काही दिसत नाही, आणि चालकाची सारी भिस्त दोन आरशांवर व खाली उतरून ‘येऊ दे, येऊ दे’ असे ओरडणाऱ्या सोबत्यावर असते. अंधारात तो सोबतीही दिसेनासा झाला, तर मागे कोण उभे आहे हे चालकाला कळण्याचा मार्ग उरत नाही. हमाल, चहा घेऊन जाणारी मुले, सोसायटीच्या आवारात खेळणारी बालके हे अशा वेळी सर्वाधिक धोक्यात असतात.

म्हणूनच अनेक पिकअपमालक गाडीच्या मागे जादा दिवे बसवून घेतात. कल्पना योग्य आहे. मात्र ते दिवे ज्या पद्धतीने जोडले जातात, ती पद्धत पुष्कळदा धोक्याची असते. दिवा लागला म्हणजे काम झाले असे मानले जाते. प्रत्यक्षात खरे काम दिव्यामागच्या तारेत असते.

मूळ दिवा अपुरा का?

रिव्हर्स दिव्याची कामे दोन. मागचा रस्ता चालकाला दाखवणे हे एक, आणि गाडी मागे येत आहे हे इतरांना कळवणे हे दुसरे. संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाच्या नियम क्रमांक ४८ नुसार सहा मीटरपर्यंत लांबीच्या वाहनाला एकच रिव्हर्स दिवा सक्तीचा आहे, दुसरा ऐच्छिक. आपल्याकडील बहुतेक पिकअप याच लांबीत मोडतात. अनेक गाड्यांत या दिव्याचा बल्ब २१ वॅटचा असतो. तो मागच्या लाल दिव्याच्या खोक्यातच, हौद्याच्या खाली, चाकाने उडवलेल्या चिखलाच्या नेमका वाटेत बसवलेला असतो. पावसाळ्यात काचेवर चिखलाचा थर बसला की त्यातून येणारा उजेड इतरांना खूण म्हणून कसाबसा पुरतो. चालकाला रस्ता दाखवायला पुरत नाही.

अनेक गाड्यांतील सोपी चूक

असे म्हणण्यासाठी नेमकी आकडेवारी हाती नसली, तरी कोणत्याही वायरिंगच्या दुकानात जी पद्धत सर्रास दिसते ती अशी : मूळ रिव्हर्स दिव्याची तार सोलायची, नव्या दिव्याची तार तिला पिळायची, वर टेप गुंडाळायची. पाच मिनिटांत दिवा लागतो. पण हिशेब मांडला की दोष लक्षात येतो.

गाडीची विद्युतव्यवस्था १२ व्होल्टची. वॅटला व्होल्टने भागले की प्रवाह मिळतो. २१ वॅटचे दोन बल्ब मिळून ४२ वॅट, म्हणजे साडेतीन ॲम्पिअर. गिअरबॉक्सवरील रिव्हर्सचा स्विच, त्याची तार आणि फ्यूज एवढ्याच ओझ्यासाठी योजलेले असतात. त्यावर ५५ वॅटचे दोन हॅलोजन चढवले की ११० वॅट वाढतात आणि एकूण प्रवाह साडेबारा ॲम्पिअरच्या पुढे जातो. फ्यूज १० ॲम्पिअरचा असेल तर तो उडणारच. अनेक गाड्यांत तो फ्यूज एकट्या रिव्हर्स दिव्याचा नसतो. इंडिकेटर किंवा डॅशबोर्डवरील काटेही त्याच्यावर चालतात. घाटात मध्येच इंडिकेटर बंद पडण्याचे मूळ असे मागच्या दिव्यात सापडू शकते.

यानंतर होणारी चूक अधिक गंभीर. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्या जागी २० किंवा ३० ॲम्पिअरचा फ्यूज बसवला जातो, कधी तर तांब्याची तार गुंडाळली जाते. फ्यूज हा साखळीतील मुद्दाम ठेवलेला दुबळा दुवा आहे. संकटात त्याने तुटावे आणि तार वाचवावी, हेच त्याचे काम. तो बळकट केला की दुबळा दुवा नाहीसा होत नाही, तो तारेत जातो. मग फ्यूजऐवजी तार तापते, तिचे आवरण वितळते, आणि ती डॅशबोर्डमागील इतर तारांच्या जुडग्यातून गेलेली असल्याने आग तेथून पसरते.

रिले म्हणजे काय?

या अडचणीवरील उपाय जुना, साधा आणि खात्रीचा आहे : रिले. शेतातील पंपाचा स्टार्टर ज्यांनी पाहिला आहे त्यांना रिले समजावून सांगण्याची गरज नाही. हिरवे बटण दाबणाऱ्या बोटाखालून पंपाचा सारा प्रवाह जात नाही. बटण केवळ आतल्या चुंबकाला जागे करते आणि मोठा प्रवाह चुंबकाने जोडलेल्या जाड संपर्कांतून वाहतो. रिले हा त्याचाच धाकटा भाऊ. मूळ रिव्हर्स तारेतून रिलेला लागणारा प्रवाह साधारण ०.१५ ते ०.२ ॲम्पिअर इतकाच असतो. नव्या दिव्यांचा प्रवाह थेट बॅटरीवरून, स्वतंत्र फ्यूजमधून आणि स्वतंत्र जाड तारेतून येतो. मूळ स्विच, मूळ तार आणि मूळ फ्यूज यांच्यावर भार जवळजवळ वाढत नाही.

मोटारीच्या सर्वसाधारण रिलेच्या पायांवर आकडे कोरलेले असतात. ८५ आणि ८६ हे चुंबकाच्या वेटोळ्याचे पाय. त्यांपैकी ८६ ला मूळ रिव्हर्स तारेची जोड द्यावी आणि ८५ अर्थला जोडावा. ३० क्रमांकावर बॅटरीची फ्यूजमधून आलेली तार, तर ८७ वरून दिव्यांकडे जाणारी तार. काही रिलेंना ८७ए असा पाचवा पाय असतो. तो रिले शांत असताना जोडलेला राहतो. चुकून त्यावर तार लावली, तर गाडी पुढे जाताना दिवे सुरू आणि मागे घेताना बंद, असा उलटा प्रकार होतो. वेटोळ्याचा प्रवाह तुटताना क्षणभर उलट दाबाचा झटका निर्माण होतो. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या नव्या गाड्यांत तो त्रासदायक ठरू शकतो, म्हणून आत डायोड असलेला रिले घेणे श्रेयस्कर. मात्र अशा रिलेत ८५ व ८६ यांची अदलाबदल चालत नाही. खोक्यावरील आकृती पाहूनच जोडणी करावी.

तार किती जाड?

तारेची जाडी हा किरकोळ तपशील समजला जातो, पण उजेड त्यावरच ठरतो. बॅटरी पुढे आणि दिवे मागे, म्हणजे तारेची लांबी सहा मीटरच्या आसपास. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या सहा मीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.१ ओहम भरतो. तिच्यातून नऊ ॲम्पिअर प्रवाह गेला की जवळपास एक व्होल्ट वाटेतच खर्च होतो. बारा व्होल्टऐवजी अकरा मिळाल्याने हॅलोजनचा उजेड केवळ एक-बारांश घटत नाही, तो सुमारे पाव हिश्शाने कमी होतो. अडीच चौरस मिलिमीटरची तार वापरल्यास हीच घट ०.४ व्होल्टच्या आत राहते.

त्यामुळे ५५ वॅटच्या दोन हॅलोजनसाठी अडीच चौरस मिलिमीटरची तार आणि १५ ॲम्पिअरचा फ्यूज हे प्रमाण योग्य. एलईडी दिव्यांनी हे गणित पुष्कळच सोपे केले आहे. १८ वॅटचे दोन एलईडी दिवे मिळून तीनच ॲम्पिअर घेतात. त्यांना दीड चौरस मिलिमीटरची तार आणि पाच ॲम्पिअरचा फ्यूज पुरतो. ओझे कमी असले, तरी मूळ तारेवर ते न टाकता रिले वापरणेच चांगले.

कामाचा क्रम

प्रथम मूळ रिव्हर्स तार शोधावी लागते. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत, इंजिन बंद ठेवून केवळ चावी फिरवावी आणि रिव्हर्स गिअर टाकावा. मागच्या दिव्याच्या जोडणीत ज्या तारेवर मीटर केवळ याच वेळी बारा व्होल्ट दाखवतो, ती रिव्हर्सची तार. तारेच्या रंगावरून अंदाज बांधू नये; रंग कंपनीगणिक बदलतात आणि जुन्या गाडीत आधीच्या कारागिराने कोणता रंग जोडला असेल याचा भरवसा नसतो.

तार सापडली की बॅटरीचा ऋण टोकाचा जोड काढावा आणि मगच पुढील काम करावे. फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत असावा. तो दिव्याजवळ बसवला तर मधली सारी तार उघड्यावर पडते. ती चासीला घासून सोलली गेली, तर बॅटरीचा संपूर्ण प्रवाह थांबवणारे तेथे काहीच नसते.

तार नळीदार प्लास्टिकच्या आवरणातून, चासीच्या आतल्या बाजूने न्यावी. सायलेन्सर, फिरणारा प्रोपेलर शाफ्ट आणि खालीवर होणारे पाटे यांच्यापासून ती दूर असावी. ब्रेकच्या किंवा डिझेलच्या नळीला ती बांधू नये. पत्र्याच्या छिद्रातून तार जाते तेथे रबरी कडे हवेच. अन्यथा पत्र्याची धार काही महिन्यांतच आवरण कापते.

अर्थची जोडणी हा सर्वाधिक दुर्लक्षित भाग. रंगावर किंवा गंजावर स्क्रू आवळला की दिवा मिणमिणतो आणि दोष दिव्याला दिला जातो. त्या जागेवरील रंग खरवडून स्वच्छ धातू उघडा करावा, गोल टर्मिनल दातेरी वॉशरसह आवळावे आणि वरून ग्रीस लावावे. जोड पिळून टेप गुंडाळण्याऐवजी टर्मिनल दाबून बसवावीत आणि त्यावर उष्णतेने आक्रसणारी नळी चढवावी. टेपचा डिंक उन्हात सुटतो, पावसाचे पाणी तांब्याच्या धाग्यांत शिरते आणि आतून तार हिरवी पडून ठिसूळ होते.

दिवा कोठे, कसा?

दिवे गाडीच्या दोन्ही टोकांना, चासीच्या मागच्या आडव्या पट्टीवर बसवणे सोयीचे. हौद्याच्या पत्र्यावर बसवलेला दिवा फाळका खाली सोडताच झाकला जातो. नंबरप्लेट आणि मूळ लाल दिवे झाकले जाणार नाहीत हेही पाहावे लागते. वर उल्लेखिलेल्या नियम ४८ मध्ये रिव्हर्स दिव्याची उंची जमिनीपासून २५० ते १२०० मिलिमीटर ठरवलेली आहे. झोत लांबवर जाणारा नव्हे, तर रुंद पसरणारा असावा आणि त्याचा रोख किंचित खाली, गाडीमागच्या दहा-पंधरा फुटांतील जमिनीवर असावा. सरळ रोखलेला दिवा मागे उभ्या असलेल्या सोबत्याचे डोळे दिपवतो. ज्याच्या इशाऱ्यावर गाडी मागे येते, त्यालाच मग काही दिसत नाही.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०८ नुसार वाहनाच्या मागे लाल सोडून इतर रंगाचा दिवा दाखवण्यास मनाई आहे. मात्र गाडी मागे घेताना वापरायच्या पांढऱ्या दिव्याला त्यातून सूट आहे. या सूटीतच मर्यादाही दडलेली आहे : दिवा पांढराच हवा आणि तो गाडी मागे घेतानाच लागायला हवा. निळे, जांभळे किंवा लुकलुकणारे दिवे त्यात बसत नाहीत.

माल उतरवताना उजेड मिळावा म्हणून काही जण डॅशबोर्डवर वेगळा स्विच बसवून हे दिवे केव्हाही पेटवण्याची सोय करतात. महामार्गावर तो स्विच चुकून सुरू राहिला, तर मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला समोरून वाहन येत असल्याचा भास होतो. स्विच हवाच असेल, तर तो रिलेकडे जाणाऱ्या रिव्हर्स तारेच्या वाटेत बसवावा. त्यामुळे नको तेव्हा जादा दिवे बंद ठेवता येतात, पण रिव्हर्स गिअर नसताना ते पेटवता येत नाहीत. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ वाहनातील फेरबदलांवर बंधने घालते आणि मालवाहू वाहनाच्या योग्यता तपासणीत दिवेही तपासले जातात. वॉरंटीतील गाडीचे वायरिंग कापण्यापूर्वी वितरकाकडे आणि शंका असल्यास परिवहन कार्यालयात विचारणा करणे हिताचे.

दिव्याच्या मर्यादा

१ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना मागील अडथळ्याची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली. रस्त्यावरील जुन्या पिकअपमध्ये मात्र असे काही नसते. जादा दिवा ही उणीव थोडी भरून काढतो, पूर्णपणे नाही. फाळक्याला लागून बसलेले मूल कितीही उजेड असला तरी आरशात दिसत नाही. मागे घेण्यापूर्वी एकदा खाली उतरून पाहणे आणि सोबती आरशातून दिसेनासा होताच गाडी थांबवणे, या दोन सवयींना पर्याय नाही.

काम पूर्ण झाल्यावर दिवे दहा मिनिटे सलग सुरू ठेवून फ्यूजचे घर, रिले आणि प्रत्येक जोड हाताने चाचपावा. एखादी जागा चटका देण्याइतकी तापली असेल, तर तेथील जोड सैल आहे किंवा तार बारीक आहे. त्याच क्षमतेचे दोन फ्यूज गाडीत जास्तीचे ठेवावेत, म्हणजे रात्री रस्त्यात मोठा फ्यूज बसवण्याचा मोह होत नाही. आणि पावसाळ्यात निघण्यापूर्वी एक ओले फडके मागच्या काचांवरून फिरवावे. चिखलाआडचा दिवा नवा असो वा जुना, उजेड सारखाच कमी देतो.