मानवी ब्रॅडिकायनिन ग्राही : रेण्वीय जीवशास्त्र, औषधशास्त्र आणि ग्रामीण आरोग्य (हिंगणी परिसराच्या संदर्भात)

सारांश :
वेदना, सूज व रक्तदाब या तीनही बाबींशी ब्रॅडिकायनिन या पेप्टाइडाचा निकटचा संबंध आहे. प्रस्तुत लेखात त्याच्या बी-१ व बी-२ या ग्राहींची रचना, कार्य व औषधशास्त्र यांचा परिचय करून दिला असून ग्रामीण भागातील रुग्णांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व स्पष्ट केले आहे.

प्रस्तावना :
वर्धा जिल्ह्यातील हिंगणी हे सेलू तालुक्यातील, बोर अभयारण्याच्या वाटेवरील शेतीप्रधान गाव होय. अशा गावात गांधीलमाशीचा दंश ही नवलाची बाब नाही, तसेच रक्तदाबाची गोळी नित्य घेणारे रुग्णही घरोघरी आढळतात. वरकरणी या दोन गोष्टींचा परस्परांशी काहीही संबंध दिसत नाही. तथापि, दंशानंतरची आग आणि गोळीमुळे येणारा कोरडा खोकला या दोहोंच्या मुळाशी ब्रॅडिकायनिनच्या क्रियेचा वाटा आहे.

शोधाची पार्श्वभूमी :
१९४९ मध्ये ब्राझीलमधील रोशा ए सिल्व्हा, बेराल्दो व रोझेनफेल्ड यांना जराराका या सर्पाचे विष रक्तद्रवातील प्रथिनांवर क्रिया करून एक नवा पदार्थ मुक्त करते असे आढळले. त्यामुळे गिनीपिगच्या आतड्याचे संथ आकुंचन होत असल्याने त्यास ब्रॅडिकायनिन हे नाव मिळाले. हे नऊ अमिनो आम्लांचे पेप्टाइड आहे. पुढे १९५४ मध्ये गांधीलमाशीच्या विषातही त्यासारखीच पेप्टाइडे आढळली.

ग्राहींची रचना व कार्य :
दोन्ही ग्राही पेशीपटलास सात वेळा छेदून जाणाऱ्या, जी-प्रथिनाशी संलग्न अशा ग्राहींच्या कुळातील आहेत. त्यांची जनुके १४ व्या गुणसूत्रावर परस्परांजवळ आहेत. मानवी बी-२ ग्राहीचे जनुक १९९२ मध्ये, तर बी-१ चे १९९४ मध्ये क्लोन करण्यात आले.

बी-२ ग्राही निरोगी ऊतींमध्ये सदैव उपस्थित असतो. ब्रॅडिकायनिन त्यास जोडले गेले की फॉस्फोलायपेज-सी हे विकर सक्रिय होते व पेशीतील कॅल्शियम वाढते. परिणामी नायट्रिक ऑक्साइड व प्रोस्टाग्लँडिने निर्माण होऊन रक्तवाहिन्या प्रसरण पावतात, त्यांच्या भिंतीतून द्रव पाझरतो व वेदनातंतू उद्दीपित होतात. हा ग्राही लवकरच पेशीच्या आत ओढला जातो, म्हणून त्याचा परिणाम अल्पकाळ टिकतो.

बी-१ ग्राहीचे स्वरूप याहून भिन्न आहे. तो निरोगी ऊतींमध्ये अत्यल्प असतो, परंतु इजा वा दाह झाल्यास इंटरल्यूकिन-१ सारख्या संदेशकांमुळे त्याची निर्मिती वाढते. ब्रॅडिकायनिनच्या शेवटचे आर्जिनिन निघून गेल्यावर उरणारा अंश त्यास उद्दीपित करतो. हा ग्राही सहजासहजी मंदावत नाही, त्यामुळे दीर्घकालीन दाहात त्याचे महत्त्व विशेष आहे.

औषधशास्त्रीय महत्त्व :
रक्तातील ब्रॅडिकायनिनचे विघटन काही सेकंदांत होते. हे कार्य प्रामुख्याने अँजिओटेन्सिन-रूपांतरक विकर, म्हणजेच एसीई, करते. फेरेरा यांनी १९६५ मध्ये जराराकाच्याच विषातून ब्रॅडिकायनिनचा प्रभाव वाढविणारा घटक वेगळा केला आणि त्या धाग्यावरून विकसित झालेले कॅप्टोप्रिल १९८१ मध्ये अमेरिकेत मान्यता पावले. एनालाप्रिल व रामिप्रिल ही त्याच गटातील औषधे होत. एसीई रोखले गेल्याने रक्तदाब उतरतो, परंतु ब्रॅडिकायनिनही साचते. म्हणूनच काही रुग्णांना चिवट कोरडा खोकला येतो, तर क्वचित ओठ, जीभ वा स्वरयंत्रास सूज येते.

आनुवंशिक अँजिओइडिमा या दुर्मीळ विकारात सी-१ इनहिबिटर या प्रथिनाच्या उणिवेमुळे ब्रॅडिकायनिन अनिर्बंध तयार होते. बी-२ ग्राहीस अडविणारे इकॅटिबंट हे औषध या विकारासाठी युरोपात २००८ मध्ये व अमेरिकेत २०११ मध्ये मान्य झाले.

ग्रामीण संदर्भ :
हा भेद केवळ पुस्तकी नाही. गांधीलमाशीच्या दंशानंतर अंगावर गांधी उठणे, दम लागणे वा रक्तदाब कोसळणे ही ॲलर्जीची लक्षणे असून तेथे अॅड्रेनालिन तातडीने द्यावे लागते. याउलट ब्रॅडिकायनिनजन्य सुजेत गांधी उठत नाहीत, खाज सहसा नसते, आणि अॅड्रेनालिन, हिस्टामिनविरोधी औषध वा स्टेरॉइड यांचा फारसा उपयोग होत नाही. स्वरयंत्राची सूज श्वास कोंडून जीव घेऊ शकते. कारणाविषयी शंका असल्यास ॲलर्जीचा उपचार रोखू नये; मात्र त्यास प्रतिसाद मिळेल या आशेवर वेळ न दवडता श्वसनमार्ग सुरक्षित ठेवण्याची सोय असलेल्या रुग्णालयात रुग्णास हलवावे. १९६९ मध्ये सेवाग्राम येथे स्थापन झालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था याच जिल्ह्यात आहे.

खोकल्याबाबतही हेच तत्त्व लागू पडते. खोकल्याची औषधे बदलत राहण्यापूर्वी रुग्ण कोणती रक्तदाबाची गोळी घेतो हे विचारणे आवश्यक ठरते. रुग्णाने गोळी परस्पर बंद करू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने लोसार्टनसारखे पर्यायी औषध घेता येते.

निष्कर्ष :
बी-२ ग्राही तात्कालिक, तर बी-१ ग्राही दाहजन्य प्रतिसादाचा वाहक आहे. या रेण्वीय ज्ञानाचा खरा उपयोग सूज वा खोकला घेऊन आलेल्या रुग्णास दोन नेमके प्रश्न विचारण्यात आहे : कोणती गोळी चालू आहे आणि घरात आणखी कोणास अशी सूज येते काय?