‘यथाशक्ती’ इंग्रजीत कसं लिहाल?

आमच्या शेजारच्या वहिनींनी एका शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज करायचं ठरवलं. लग्नानंतर पंधरा वर्षांनी, पहिल्यांदाच! कच्चा कागद घेऊन त्या माझ्याकडे आल्या. अक्षर मोत्यासारखं. पण शेवटच्या वाक्याशी मी थबकले. ‘आय शॅल टीच ॲज फार ॲज पॉसिबल.’

“वहिनी, याचा अर्थ ‘शक्यतो शिकवीन’ असा होतो. म्हणजे नाही जमलं तर राहिलं!”

“अगं बाई! मला तर ‘माझी सगळी ताकद लावून’ असं म्हणायचं होतं.”

मैत्रिणींनो, आपलं नेमकं इथेच चुकतं. ‘जमेल तसं करते हो’ हे आपल्या तोंडी इतकं बसलेलं असतं, की तेच शब्दशः इंग्रजीत उतरतं. मराठीत तो विनय असतो. इंग्रजी अर्जात ती पळवाट वाटते.

वहिनींना हवे होते ते शब्द असे: ‘टु द बेस्ट ऑफ माय ॲबिलिटी’. म्हणजे आपलं ‘यथाशक्ती’. हे शब्द किती भारदस्त आहेत, पाहा. आपल्या राज्यघटनेच्या 60व्या कलमात राष्ट्रपतींची शपथ आहे. तिच्या इंग्रजी मसुद्यात हेच शब्द आहेत. 2007 साली आपल्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या, तेव्हा त्यांची शपथही याच कलमातली होती.

मात्र हे शब्द कामाशी जोडायचे, माहितीशी नव्हे. ‘माझी जन्मतारीख यथाशक्ती बरोबर आहे’ असं आपण म्हणू का? तिथे ‘टु द बेस्ट ऑफ माय नॉलेज’ हवं, म्हणजे ‘माझ्या माहितीप्रमाणे’. पूजेचा संकल्प सोडताना गुरुजी ‘यथाशक्ती’ आणि ‘यथाज्ञान’ हे दोन शब्द वेगवेगळे उच्चारतात ना? तोच फरक लक्षात ठेवायचा. करण्याची गोष्ट असेल तिथे ॲबिलिटी, जाणण्याची असेल तिथे नॉलेज.

आणि जिथे शंकाच नाही, तिथे दोन्ही नकोत. मुलाच्या रजेच्या चिठ्ठीत ‘माझ्या माहितीप्रमाणे बंडूला ताप आहे’ असं लिहिलंत, तर बाई हसतील. बंडू तुमच्याच मांडीवर आहे की!

आणखी काही नेहमीच्या चुका:

• ‘आय कॅन एबल टु कुक’ हे चूक. ‘कॅन’ किंवा ‘ॲम एबल टु’, दोहोंपैकी एकच घ्या. एका भाजीत दोनदा मीठ कशाला?

• ‘एबल’नंतर ‘टु टीच’. पण ‘केपेबल’नंतर ‘ऑफ टीचिंग’. या जोड्या मोडू नयेत.

• एखाद्या वेळी एखादी गोष्ट साधली, तर ‘कुड’ नको. ‘काल मला गाडी गाठता आली’ हे ‘आय वॉज एबल टु कॅच द ट्रेन’ असं लिहावं. गाडी चुकली असेल, तर मात्र ‘कुड नॉट’ खुशाल चालतं. ‘लहानपणी मला पोहता येत असे’ यासारख्या कायमच्या अंगच्या गुणालाही ‘कुड’ शोभतं.

• ‘ट्राय माय लेव्हल बेस्ट’ बोलण्यात ठीक आहे. अर्जात साधं ‘डू माय बेस्ट’ बरं दिसतं.

आणि हे यथाशक्ती प्रकरण अर्जात एकदाच यावं, शेवटी. दर वाक्याला घातलं, तर वाचणाऱ्याला वाटतं, बाईंना स्वतःचीच खात्री नाही. जे येतं ते ‘मला येतं’ असं सरळ लिहावं. पदवी, शिवणकामाची परीक्षा, शेजारच्या मुलांच्या घेतलेल्या शिकवण्या, यांत कसला आलाय संकोच?

वहिनींनी वाक्य बदललं. ‘आय कॅन टीच मराठी अँड मॅथेमॅटिक्स, अँड आय शॅल डू माय वर्क टु द बेस्ट ऑफ माय ॲबिलिटी.’ स्वच्छ कागदावर उतरवून त्यांनी ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाल्या, “हे वाचून मलाच वाटतंय हो, की मला जमेल!”