गुन्हा : जन्माचा की समाजाचा?

हुबळी व धारवाड या दोन शहरांच्या मध्ये वसलेल्या आमच्या नवनगराहून हुबळीस गेले असता 'सेटलमेंट' असे एका वस्तीचे नाव आजही कानी पडते. हा शब्द इंग्रजी असला तरी लोकांच्या बोलण्यात तो इतका रुळला आहे की, त्यामागचा इतिहास कोणी सहसा विचारीत नाही. गुन्हा का घडतो, या प्रश्नाची समाजशास्त्राने जी उत्तरे दिली आहेत ती पारखून पाहण्यास मात्र या इतिहासाइतके जवळचे साधन आम्हांस दुसरे दिसत नाही.

१८७१ साली ब्रिटिश सरकारने 'गुन्हेगार जमातींचा कायदा' केला. या देशात सुतारकी व विणकाम जसे पिढीजात, तशी चोरीही पिढीजात असली पाहिजे, अशी त्यामागची विचारसरणी होती. एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर झाली की, त्या जाहीरनाम्याची योग्यायोग्यता कोणत्याही न्यायालयास तपासता येत नसे. १९११ च्या कायद्याने हे लोण मुंबई इलाख्यात आले, आणि धारवाड जिल्हा तेव्हा याच इलाख्यात होता. हुबळी, गदग-बेटगेरी, सोलापूर अशा ठिकाणी वसाहती उभ्या राहिल्या. कैकाडी, घंटीचोर, हरणशिकारी, कंजारभाट, भामटे अशा जमातींची माणसे तेथे ठेवण्यात आली. अंगठ्याचे ठसे, ठरल्या वेळची हजेरी, बाहेर जाण्यास परवाना हा त्यांचा नित्यक्रम झाला. मुलांना आईबापांपासून विलग करण्याचीही तरतूद कायद्यात होती. यांतील कित्येकांनी कधी चोरी केलीच नव्हती. त्यांचा जन्म हाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा होता.

याच सुमारास, १८७६ साली, इटलीतील लोंब्रोझो याने गुन्हेगार हा जन्मतःच निराळ्या घडणीचा मनुष्य असतो व ते त्याच्या कवटीवरून आणि चेहऱ्यावरून ओळखता येते, असा सिद्धांत मांडला. इंग्लंडात चार्ल्स गोरिंग याने हजारो कैद्यांची मोजमापे घेतली व १९१३ साली दाखवून दिले की, गुन्हेगाराचा असा वेगळा शारीरिक नमुना आढळत नाही. शास्त्राने तेथे जी कल्पना टाकून दिली, तिच्याच जातकुळीची कल्पना येथे कायद्याच्या बळावर पुढे कित्येक वर्षे नांदत राहिली.

जन्माचे कारण बाजूला सारल्यावर समाजाकडे पाहणे क्रमप्राप्त होते. फ्रान्समधील दुर्खीम याने १८९५ साली प्रतिपादिले की, गुन्हा सर्वच समाजांत आढळतो. केवळ संतांचीच वस्ती असली तरी तेथे बारीकसारीक दोषांनाही अपराधाचे रूप येईल. अमेरिकेतील रॉबर्ट मर्टन याने १९३८ साली याच्या पुढचा प्रश्न विचारला. समाज सर्वांपुढे संपन्नतेचे एकच ध्येय ठेवतो, परंतु तेथवर नेणारे सरळ मार्ग काहींनाच मोकळे ठेवतो. मग इतरांतील काहींनी आडवाट धरली तर नवल काय? आपल्याकडील उदाहरण घ्यावयाचे तर, बैलांच्या तांड्यांवर धान्य व मीठ वाहून नेणारे लमाण पाहावेत. आगगाडी आली, मिठावर सरकारी निर्बंध बसले, जंगलाच्या कायद्यांनी रानातील हक्क आटले. पोटाचे साधन राज्यव्यवस्थेनेच हिरावून घेतले आणि अशा फिरस्त्यांच्या भटकण्याला मात्र संशयास्पद ठरविले.

एडविन सदरलंड याचे म्हणणे असे की, गुन्हा हा शिकावा लागतो. निकटच्या सहवासातून त्याची रीत व त्याचे समर्थन दोन्ही अंगवळणी पडतात. या कसोटीवर तारेच्या कुंपणाची वसाहत कशी उतरते? सराईत चोर आणि निरपराध मुले एकाच आवारात, एकाच नावाखाली कोंडावयाची, हा सुधारणेचा मार्ग खचित नव्हे. याच सदरलंडने प्रतिष्ठित व्यापाऱ्यांच्या व कंपन्यांच्या गुन्ह्यांकडेही लक्ष वेधले. दारिद्र्य हेच गुन्ह्याचे मूळ म्हणणाऱ्यांस त्याचे हे उत्तर आहे.

सर्वांत मर्मग्राही विचार आम्हांस फ्रँक टॅनेनबॉम (१९३८) व हॉवर्ड बेकर (१९६३) यांचा वाटतो. कोणतेही कृत्य स्वतः गुन्हा नसते. समाज त्यास तसे नाव देतो, आणि ते नाव कृत्यावरून माणसाकडे सरकते. एकदा शिक्का बसला की, काम मिळत नाही, शेजार मिळत नाही, आणि शेवटी तो मनुष्य त्या शिक्क्याप्रमाणेच वागू लागतो. शिक्का म्हणजे गुन्ह्याचे एकमेव कारण नव्हे, हे खरे. पहिली चोरी शिक्क्याआधीही घडू शकते. परंतु दुसऱ्या व तिसऱ्या चोरीचा विचार त्याला वगळून करता येणार नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' या आत्मकथनाचे नाव हाच असा एक शिक्का आहे; लेखकाने तो स्वतःच्या हाताने उचलून समाजापुढे धरला. १९८८ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ साली, तर सर्व देशात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. परंतु पुढे निरनिराळ्या राज्यांत सराईत गुन्हेगारांसंबंधीचे कायदे झाले आणि जुना संशय नव्या नावाने टिकून राहिला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमांतील जातिभेद रद्द ठरविताना, विमुक्त जमातींकडे जन्मावरून सराईत गुन्हेगार म्हणून पाहण्याच्या वृत्तीवरही बोट ठेवले. कायदा गेल्यास बहात्तर वर्षे झाली होती, तरी न्यायालयास हे सांगावे लागले.

आम्ही शिक्षक आहोत. गुन्हेगारीचे निर्मूलन आमच्या हाती नाही. परंतु वर्गात पेन्सिल हरवली असता प्रथम कोणाचे दप्तर उघडावयाचे, हे आमच्या हाती असते. दहा वर्षांच्या मुलाचे दप्तर त्याच्या वस्तीच्या नावावरून उघडले जाते, तेव्हा १८७१ चा कायदा त्या वर्गापुरता पुन्हा लागू होतो. त्या मुलाने काय केले एवढेच पाहावे आणि तो कोणाचा, हे पाहू नये, इतके पथ्य पाळले तरी वर सांगितलेल्या सिद्धांतांचे सार आचरणात आले, असे आम्ही समजू.